मुलांचे जलोत्सव आणि गावाच्या पाण्याचा हिशेब

नवी दिल्ली : मार्च महिन्याची २२ तारीख आली की देशभरातील शाळांमध्ये एक ठरलेले दृश्य दिसते. प्रभातफेरी निघते, घोषणा होतात, फळ्यावर रंगीत खडूने पाण्याचा थेंब रेखाटला जातो, चित्रकला व निबंध स्पर्धांची पारितोषिके वाटली जातात आणि जलप्रतिज्ञेने कार्यक्रमाची सांगता होते. ज्या हातपंपावर किंवा कूपनलिकेवर ती शाळा तहान भागवते, तिच्या पोटात उन्हाळ्यासाठी किती पाणी उरले आहे, हे मात्र त्या दिवशी सहसा कोणी मोजत नाही. जागतिक जलदिन साजरा होतो, पाणी अनभिज्ञ राहते.

या विसंगतीकडे दुर्लक्ष करता येण्याजोगी देशाची स्थिती नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या मूल्यमापनानुसार देशात वर्षाला सुमारे २४५ अब्ज घनमीटर भूजल उपसले जाते. पुनर्भरणानंतर उपशास योग्य मानल्या गेलेल्या पाण्याच्या तुलनेत हे प्रमाण साधारण ६० टक्के आहे. ही सरासरी दिलासा देणारी वाटली, तरी मूल्यमापन झालेल्या ६,७४६ घटकांपैकी ७५१ घटकांत वर्षाकाठी भरणाऱ्या पाण्यापेक्षा उपसा अधिक आहे. पंजाबात तो उपलब्धतेच्या दीडपटीहून जास्त आहे. उपसलेल्या भूजलापैकी सुमारे ८७ टक्के पाणी शेतीला जाते. आज पाचवी-सहावीत शिकणारी मुले पंधरा-वीस वर्षांनी याच विहिरींच्या, शेतांच्या आणि ग्रामसभांच्या कारभाराला जबाबदार असतील. त्यांना पाणी कसे शिकवले जाते, हा त्यामुळे केवळ शालेय उपक्रमांचा विषय राहत नाही.

पाण्याचे शिक्षण पुस्तकातून मैदानात आणणारा एक प्रयोग जगात साडेतीन दशकांपासून सुरू आहे. मुलांचे जलोत्सव हे त्याचे नाव. भारतातही त्या दिशेने पावले पडू लागली आहेत. नीती आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय जल जीवन मिशनच्या सहकार्याने २० आकांक्षी जिल्हे व तालुक्यांत ‘जल उत्सव’ हा पंधरवडा आयोजित केला. डिसेंबर २०२३ मधील मुख्य सचिवांच्या परिषदेत पंतप्रधानांनी मांडलेल्या कल्पनेतून तो साकारला. स्थानिक जलस्रोतांना धागा बांधण्याचा ‘जलबंधन’ विधी, जलसंपत्तीची माहितीपत्रके आणि जलशुद्धीकरण केंद्रांना विद्यार्थ्यांच्या भेटी असे त्याचे स्वरूप होते. अशा उत्सवांतून मुलांच्या हाती नेमके काय उरावे, हा प्रश्न त्यामुळे आता धोरणाच्या पातळीवर आला आहे.

नेब्रास्कातील प्रारंभ

या कल्पनेचे मूळ अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात आहे. सिंचनाखालील क्षेत्रात अमेरिकेत अग्रेसर असलेले हे राज्य मोठ्या प्रमाणावर भूजलावर जगते. ओगलाला या नावाने ओळखला जाणारा विस्तीर्ण जलधर त्याच्या पोटात आहे. बहुसंख्य रहिवाशांच्या पिण्याच्या पाण्याचा स्रोतही भूजलच. मक्याच्या शेतीतील रासायनिक खतांमुळे त्यातील नायट्रेटचे प्रमाण वाढू लागले, तेव्हा चिंता सुरू झाली. सुझन सीक्रेस्ट यांनी १९८५ मध्ये लिंकन शहरात ‘ग्राउंडवॉटर फाउंडेशन’ ही संस्था स्थापन केली. तिच्या पुढाकाराने १९८९ मध्ये ग्रँड आयलंड येथे मुलांचा पहिला भूजल उत्सव भरला. डोळ्यांना न दिसणारे पाणी मुलांना दाखवायचे, हा त्यामागील साधा विचार होता.

या मेळाव्याची रचना जत्रेसारखी असते. साधारण दहा-अकरा वर्षांची मुले वर्गावर्गाने येतात आणि अर्ध्या-पाऊण तासाने एका मांडणीवरून दुसऱ्या मांडणीवर जातात. एका ठिकाणी काचेच्या पेटीत वाळू, खडी व चिकणमातीचे थर असतात. एका नळीतून रंगीत पाणी सोडले, की ते प्रदूषणाप्रमाणे पसरत शेजारच्या ‘विहिरीत’ कसे पोहोचते, हे मुले पाहतात. दुसरीकडे पेल्यात आइस्क्रीम, चॉकलेटचे तुकडे व सरबत यांचे थर रचून खाता येणारा जलधर तयार होतो. त्यात घातलेली नळी म्हणजे विंधन विहीर. दोघांनी एकाच पेल्यात नळी घालून ओढले, की पातळी किती लवकर खाली जाते, हे सांगावे लागत नाही. तिसऱ्या ठिकाणी मुले पाण्याच्या थेंबाची भूमिका घेऊन फासे टाकत ढग, नदी, माती, हिमनदी व समुद्र असा प्रवास करतात. समुद्रात गेलेला थेंब तेथेच बराच काळ अडकून पडतो, हे रांगेत कंटाळून उभे राहताना उमगते.

पुढे ही पद्धत अन्य राज्यांत व देशांत पसरली. कॅनडातील ओंटारियो प्रांताच्या वॉटर्लू-वेलिंग्टन भागात १९९६ पासून असे उत्सव होत आले आहेत. त्याच प्रांतातील वॉकर्टन या सुमारे पाच हजार वस्तीच्या गावात मे २००० मध्ये जोरदार पावसानंतर गुरांच्या शेणातील जिवाणू सार्वजनिक विहिरीत उतरले. सात जणांचा मृत्यू झाला आणि सुमारे २,३०० लोक आजारी पडले. न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशीनंतर प्रांताने २००६ मध्ये स्रोतसंरक्षणाचा कायदा केला. काचेच्या पेटीतील रंगीत पाण्याचा खेळ प्रत्यक्षात काय असू शकतो, याचा तो दुःखद दाखला होता.

नेब्रास्काच्या उत्सवामागे आणखी एक गोष्ट उभी होती, जिची चर्चा कमी होते. त्या राज्यात १९७२ पासून नदीखोऱ्यांच्या सीमांनुसार नैसर्गिक संसाधन जिल्हे कार्यरत आहेत. सध्या त्यांची संख्या २३ आहे. त्यांचे संचालक मतदानाने निवडले जातात आणि भूजलाच्या उपशावर व खतांच्या वापरावर नियम घालण्याचा अधिकार त्यांना आहे. उत्सवात मूल जे शिकते, त्यावर निर्णय घेणारी संस्था त्याच्या गावापासून दूर नसते. तरीही नायट्रेटचा प्रश्न तेथे संपलेला नाही. उत्सव हा शासनव्यवस्थेला पर्याय नसून तिला जागरूक नागरिक पुरवणारी वाट आहे, एवढाच निष्कर्ष या अनुभवातून निघतो.

उत्सव परका नाही

पाणी आणि उत्सव यांचे नाते भारताला बाहेरून शिकावे लागत नाही. तमिळनाडूत आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी कावेरीला आलेल्या नव्या पाण्याचे स्वागत होते. बिहारमध्ये छठपूजेपूर्वी तलावांचे घाट गावकरी स्वतः साफ करतात. नागालँडमधील अंगामी समाजाच्या सेक्रेन्यी सणात गावच्या विहिरीच्या स्वच्छतेला विधीचे स्थान आहे. राजस्थानात तलाव, टाके व जोहड यांच्याभोवती लोकजीवन कसे गुंफले गेले होते, हे अनुपम मिश्र यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आज भी खरे हैं तालाब’ या पुस्तकात मांडले. या सर्व परंपरांत मुले प्रेक्षक नसत. गाळ काढण्यापासून पाळीवर माती टाकण्यापर्यंत ती मोठ्यांबरोबर राबत.

गेल्या अर्धशतकात एक मोठा बदल झाला. पाणी तलावातून जमिनीखाली गेले. तलावाची पातळी साऱ्या गावाला दिसे. दोनशे-तीनशे फूट खोल बोअरवेलमधील पातळी तिच्या मालकालाही दिसत नाही. सामूहिक डोळ्यांसमोरचे पाणी खाजगी आणि अदृश्य झाले. जुने सण टिकले, परंतु ते ज्या पाण्याभोवती उभे होते त्यावर गाव आता अवलंबून उरले नाही. नव्या जलोत्सवाचे खरे प्रयोजन येथे आहे. जमिनीखालच्या पाण्याला पुन्हा सर्वांच्या नजरेसमोर आणणे हे ते प्रयोजन.

खडक बदलला की धडा बदलतो

परदेशी नमुना जसाच्या तसा उचलण्यात मोठा धोका भूगर्भशास्त्राचा आहे. नेब्रास्कातील वाळू-खडीची पेटी गंगेच्या मैदानातील गाळाच्या थरांना बऱ्याच अंशी लागू पडते. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भूभाग मात्र बेसॉल्ट खडकाचा आहे. येथे पाणी वाळूच्या कणांमध्ये साठत नाही. ते खडकाच्या भेगांत, सांध्यांत आणि वरच्या झिजलेल्या मुरुमात राहते. एका विहिरीला भरपूर पाणी आणि शंभर पावलांवरची दुसरी कोरडी, हा अनुभव त्यातूनच येतो. तेलंगण व कर्नाटकातील ग्रॅनाइट-नाइस खडकांची रीत वेगळी. हिमालयातील गावांचे जीवन झऱ्यांवर आणि किनारपट्टीवरील गावांना भीती खाऱ्या पाण्याच्या आक्रमणाची.

वाळूची पेटी पाहिलेल्या मराठवाड्यातील मुलाची समजूत अशी होईल, की जमिनीखाली सर्वत्र सलग पाणी आहे आणि अधिक खोल गेले की अधिक मिळते. प्रत्यक्षात हीच समजूत शेतकऱ्याला एकामागून एक बोअर घ्यायला लावते आणि कर्जात लोटते. त्याच्या शाळेतील प्रतिकृतीत भेगा असलेले दगड, त्यांवर मुरुमाचा थर आणि खाली अभेद्य खडक दिसायला हवा. असे साहित्य महाग नसते. नाल्यातील दगड, प्लास्टिकची बरणी आणि चहाचा गाळ घातलेले पाणी एवढ्यावर ते उभे राहते. कठीण असते ते योग्य ज्ञान शिक्षकापर्यंत पोहोचणे. केंद्रीय भूजल मंडळाने राष्ट्रीय जलधर नकाशांकन कार्यक्रमातून सुमारे २५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्राचे काम पूर्ण केले आहे. महाराष्ट्रात १९७२ पासून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा कार्यरत आहे. ही माहिती अहवालांत आहे, पाचवीच्या वर्गात नाही.

अवघड जाणारे गणित

प्रयोगांच्या पलीकडे जलोत्सवाचा खरा कस गणितात लागतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी मिळते. इतके सूत्र चौथीतील मुलालाही पुरते. शाळेचे छप्पर २०० चौरस मीटर आणि वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर असेल, तर छपरावर १ लाख ४० हजार लिटर पाणी पडते. त्यातील काही वाया गेले तरी लाखभर लिटर साठवता येते. येथपर्यंतचे गणित सर्वांना आवडते. त्यावर कार्यक्रम होतात आणि छायाचित्रेही निघतात.

हेच गणित गावाला लावले, की वातावरण बदलते. उदाहरणादाखल एक हजार हेक्टर क्षेत्राचे, दोन हजार लोकवस्तीचे आणि ५०० मिलिमीटर पावसाचे गाव घेता येईल. त्या गावावर वर्षाला ५०० कोटी लिटर पाणी पडते. त्यातील मोठा भाग बाष्पीभवनाने व वाहून जातो. जल जीवन मिशनच्या माणशी ५५ लिटर या निकषाने गावाची वर्षाची घरगुती गरज सुमारे चार कोटी लिटर, म्हणजे पडलेल्या पावसाच्या एक टक्क्याहूनही कमी. असे असताना एप्रिलमध्ये टँकर का येतो? उत्तर पुढच्या ओळीत दडलेले असते. एका हेक्टर उसाला वर्षभरात साधारण दोन ते अडीच कोटी लिटर पाणी लागते. सारे गाव वर्षभर जेवढे पाणी पिते-वापरते, तेवढे दोन हेक्टर ऊस पिऊन टाकतो. एक हेक्टर ज्वारीला मात्र त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाचे पाणी पुरते.

‘दात घासताना नळ बंद ठेवा’ ही शिकवण चुकीची नाही. परंतु उपशाचा ८७ टक्के भाग ज्या क्षेत्रात जातो, त्याविषयी मौन बाळगून फक्त नळाची शिकवण देणे मुलांची दिशाभूल करणारे आहे. अनेक गावांत तर घरात नळ नुकताच आला आहे. ज्या मुलीने कालपर्यंत डोक्यावर हंडा वाहिला, तिला पाणी जपून वापरण्याचा उपदेश करण्यासारखे काही नसते. उलट तिच्याकडूनच शिकण्यासारखे पुष्कळ असते.

हिशेब ग्रामसभेत आणण्याचा अनुभव देशात आहे. आंध्र प्रदेशातील दुष्काळप्रवण जिल्ह्यांत संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या साह्याने राबवलेल्या शेतकरी-व्यवस्थापित भूजल प्रकल्पात शेतकरी स्वतः पाऊस व विहिरींची पातळी मोजत आणि रब्बीपूर्वी पाण्याचा अंदाजपत्रकी ताळेबंद मांडत. कोणते पीक घ्यावे, याची सक्ती नव्हती; निर्णय ज्याचा त्याचा होता, पण आकडा सर्वांसमोर होता. गुजरातमधील मेघरज आणि राजस्थानातील धरता या पाणलोट क्षेत्रांत ऑस्ट्रेलियाच्या सहकार्याने झालेल्या प्रकल्पात गावातील स्त्री-पुरुषांना ‘भूजल जाणकार’ म्हणून तयार करण्यात आले. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली पाण्याचा वार्षिक ताळेबंद, सिंचनासाठी बोअरवेलवर बंदी आणि उसासारख्या पिकांना नकार ही शिस्त पाळली. केरळने २०२३ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पातळीवर जलअंदाजपत्रकाचा उपक्रम हाती घेतला.

या सर्व ठिकाणी बदल घडवला तो नोंदवहीने. ती नोंदवही मुलांच्या हाती देणे हे जलोत्सवाचे पुढचे पाऊल ठरू शकते. शाळेच्या अंगणातील पर्जन्यमापक रोज सकाळी ठरलेल्या वेळी वाचणे, महिन्यातून एकदा शिक्षकांच्या देखरेखीखाली कठडा असलेल्या विहिरीत खुणा केलेली दोरी सोडून पातळी घेणे, ते आकडे भिंतीवरील तक्त्यावर चढवणे आणि वर्षातून एकदा उत्सवाच्या दिवशी गावासमोर वाचून दाखवणे, एवढे केले तरी दहा वर्षांत त्या शाळेकडे गावाच्या पाण्याचा असा इतिहास जमा होईल, जो आज क्वचितच कोणत्या गावाकडे आहे.

पाणी दिसते स्वच्छ, असते वेगळे

पाण्याच्या प्रमाणाइतकाच गंभीर प्रश्न गुणवत्तेचा आहे. पिण्याच्या पाण्यातील अतिरिक्त फ्लोराइडमुळे होणारा विकार भारतात प्रथम १९३७ मध्ये आजच्या आंध्र प्रदेशातील प्रकाशम परिसरात नोंदला गेला. जवळपास नऊ दशकांनंतरही अनेक राज्यांत मुलांच्या दातांवरील पिवळे-तपकिरी डाग त्याची साक्ष देतात. भारतीय मानकांनुसार फ्लोराइडची कमाल मर्यादा लिटरमागे १.५ मिलिग्रॅम आणि नायट्रेटची ४५ मिलिग्रॅम आहे. दोन्हींना रंग नाही, वास नाही. प्रदूषण दिसत नाही, ते मोजावे लागते, ही गोष्ट चाचणी संचाच्या नळीत रंग बदलताना पाहिलेले मूल विसरत नाही.

जल जीवन मिशनने गावोगावी महिलांना अशा संचांचे प्रशिक्षण दिले असून पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळा नागरिकांसाठी खुल्या केल्या आहेत. केरळमध्ये हरित केरळम मिशनने सरकारी उच्च माध्यमिक शाळांच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळांतच पाणी तपासणीची सोय केली. परिसरातील विहिरींचे पाणी तेथे तपासले जाते आणि अभ्यासक्रमातील प्रयोग घराच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचतो. या ठिकाणी एक खबरदारी आवश्यक आहे. संचावरील चाचणी ही प्राथमिक असते. मुलांच्या हातून निघालेला संशयास्पद निष्कर्ष मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पडताळला गेला पाहिजे आणि दूषित आढळलेल्या स्रोताला पर्याय देण्याची जबाबदारी यंत्रणेने घेतली पाहिजे. तपासणी झाली, आकडा कळला आणि तेच पाणी पुढे प्यावे लागले, तर मूल विज्ञान नव्हे, असहायता शिकते.

विहीर कोणाची

भारतातील पाण्याचा कोणताही प्रामाणिक धडा हक्काच्या प्रश्नाला वळसा घालू शकत नाही. जागतिक जलदिनाच्या दोनच दिवस आधी, २० मार्चला, महाड येथील चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा स्मृतिदिन येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२७ मध्ये त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तो क्षण पाण्याच्या इतिहासाचाही भाग आहे. शाळांच्या दिनदर्शिकेत मात्र हे दोन दिवस एकमेकांना भेटत नाहीत. एक समाजशास्त्राचा, दुसरा पर्यावरणाचा.

हक्काची दुसरी बाजू कायद्याची आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यातील तत्त्वानुसार जमिनीच्या मालकाला तिच्याखाली झिरपणारे पाणी घेण्याचा अधिकार मानला जातो. ज्याची जमीन, त्याचे पाणी. ज्याला जमीनच नाही, त्याला भूजलात वाटा नाही. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियम २०१४ पासून अमलात आला. शेती व उद्योगांसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर त्यात बंधन आहे, परंतु गावपातळीवर त्याची अंमलबजावणी क्षीणच राहिली. एका वर्गात बोअरवेल मालकाचा मुलगा आणि शेतमजुराची मुलगी शेजारी बसतात. गावाच्या पाण्याचा हिशेब मांडताना दोघांच्या घरचे आकडे एकाच फळ्यावर येतील. ते कोणालाही दोषी न ठरवता मांडण्याचे कौशल्य शिक्षकाला लागेल. पण ते आकडे टाळून मांडलेला हिशेब हा हिशेब नसतो.

जागा आहे, जोडणी हवी

धोरणात या कामासाठी जागा उपलब्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ च्या निकालात पर्यावरण हा शिक्षणाचा अनिवार्य भाग करण्याचे निर्देश दिले आणि डिसेंबर २००३ मध्ये त्यांच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा आदेश दिले. त्यातून पाठ्यपुस्तके आली, परीक्षा आली आणि बऱ्याच ठिकाणी विषय गुणांपुरता उरला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दप्तरमुक्त दिवसांची तरतूद केली आणि जुलै २०२४ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचनाही प्रसिद्ध झाल्या. या दहा दिवसांपैकी दोन दिवस पाण्याला देणे, एक पावसाळ्यापूर्वी आणि एक पावसाळा संपल्यावर, हे नव्या खर्चाशिवाय शक्य आहे. भूजल खात्यानेही पातळी मोजण्यासाठी हेच दोन टप्पे महत्त्वाचे मानले आहेत.

दुसरी जोडणी अटल भूजल योजनेशी होऊ शकते. २५ डिसेंबर २०१९ रोजी सुरू झालेल्या सहा हजार कोटी रुपयांच्या या योजनेत महाराष्ट्रासह सात राज्यांतील आठ हजारांहून अधिक ग्रामपंचायतींचा समावेश करण्यात आला. जागतिक बँकेच्या अर्थसाह्याच्या या योजनेत भूजलाची माहिती जाहीर करणे आणि लोकसहभागातून जलसुरक्षा आराखडा तयार करणे यांवर निधी अवलंबून ठेवण्यात आला. गावांत पर्जन्यमापक बसले, पाणीपातळीचे फलक लागले. अशा योजनांचा कालावधी संपल्यावर उपकरणे गंजतात आणि फलक कोरे पडतात, हा अनुभव मात्र जुना आहे. योजना संपते, शाळा संपत नाही. दरवर्षी नवा वर्ग येतो. त्या फलकाची देखभाल करणारा इतका खात्रीचा वारस गावात दुसरा नाही.

मर्यादांचे भान

जलोत्सवांकडून अवाजवी अपेक्षा ठेवणे मात्र घातक ठरेल. एका दिवसाच्या मेळाव्याने माहिती वाढते, सवय बदलतेच असे नाही. सामुदायिक उत्साहाची मर्यादा महाराष्ट्राने अलीकडेच पाहिली आहे. २०१६ ते २०१९ या काळात पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत तीन तालुक्यांपासून सुरुवात होऊन पुढे ७६ तालुके सहभागी झाले. भर उन्हात हजारो लोकांनी, त्यांत मुलांनीही, श्रमदान केले. त्यातून गावे एकत्र आली, हे यश निर्विवाद आहे. परंतु साठलेले पाणी कोणत्या पिकाला द्यायचे, हा प्रश्न सुटल्याशिवाय नुसती खोदाई पुरत नाही, असा इशारा जलतज्ज्ञांनी त्या वेळीही दिला होता. पाणी अडवणे हा उत्सव होऊ शकतो. पाणी वाटणे हा करार असतो.

दुसरी मर्यादा नैतिक आहे. वीजदर, हमीभाव, साखर कारखान्यांचे परवाने आणि सांडपाण्यावरील प्रक्रिया यांविषयीचे निर्णय मुले घेत नाहीत. हे निर्णय जैसे थे ठेवून ‘भविष्य मुलांच्या हाती’ असे म्हणणे म्हणजे मोठ्यांनी आपली जबाबदारी त्यांच्या दप्तरात टाकणे होय. शिक्षकांवर आधीच अशैक्षणिक कामांचा बोजा आहे. जलोत्सव हा वरून आलेल्या परिपत्रकाचा आणखी एक रकाना बनला, तर छायाचित्र पाठवून तो भरला जाईल आणि पर्जन्यमापक कपाटात राहील.

त्यामुळे या उत्सवांचे मूल्यमापन उपस्थितांच्या संख्येवरून किंवा घेतलेल्या प्रतिज्ञांवरून करण्यात अर्थ नाही. उत्सवानंतर सहा महिन्यांनी शाळेच्या भिंतीवरील तक्ता भरलेला आहे काय, मुलांनी काढलेला आकडा ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदला गेला काय आणि दूषित आढळलेल्या स्रोताबाबत काही हालचाल झाली काय, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. त्यांची उत्तरे होकारार्थी असतील, तर तो जलोत्सव. नसतील, तर ती आणखी एक प्रभातफेरी.

ऑक्टोबरमध्ये पाऊस परतल्यावर, रब्बीची पेरणी होण्यापूर्वी, गावाला एका प्रश्नाचे उत्तर हवे असते : यंदा जमिनीखाली किती पाणी आहे आणि ते कशाला पुरेल? आज बहुतेक गावे हे उत्तर अंदाजाने देतात आणि मार्चमध्ये त्याची किंमत मोजतात. सातवीतील एखादी मुलगी उभी राहून पावसाळ्याच्या चार महिन्यांचा पाऊस, पाच विहिरींची पातळी आणि त्यातून उरणारे पाणी यांचा तक्ता ग्रामसभेत वाचेल, तेव्हा निर्णय मोठ्यांनाच घ्यावा लागेल. मात्र ‘आम्हाला माहीत नव्हते’ असे म्हणण्याची सोय त्यांच्याकडे उरणार नाही.